थांब म्हटल्यावर फक्त दहा अक्षरं

भोसरी एमआयडीसीत आमचं लहानसं जॉबवर्कचं युनिट आहे. त्यातलं मोठं व्हीएमसी मशीन, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारं उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन, सेकंडहँड घेतलेलं, नव्वदच्या दशकाच्या शेवटचं, फानुक कंपनीच्या २१-एम कंट्रोलचं (कंट्रोल म्हणजे मशीन चालवणारा कॉम्प्युटर). स्पिंडल ठणठणीत, अचूकता अजून डाय-मोल्डच्या कामाला पुरते आणि बँकेचा हप्ता केव्हाच फिटलाय. असं मशीन कुणी विकत नाही. अडचण एकच. त्यात प्रोग्रॅम घालायची वाट म्हणजे पॅनेलच्या बाजूला पत्र्याच्या झाकणामागचं पंचवीस पिनांचं सॉकेट. आरएस-२३२ सिरियल पोर्ट. यूएसबी नाही, नेटवर्क नाही, मेमरी कार्डाची खाच नाही.

इतकी वर्षं शेजारच्या स्टुलावर एक जुना जाडजूड लॅपटॉप असायचा. त्याला मागे खरा नऊ पिनांचा पोर्ट होता. यंदाच्या पावसाळ्यात त्याचा मदरबोर्ड गेला आणि दुरुस्तीवाल्यानं तो न उघडताच परत दिला. माझ्याकडे कॅमच्या कामासाठी (म्हणजे मशीनचे प्रोग्रॅम तयार करायला) घेतलेला नवा लॅपटॉप होता. त्याला दोन टाइप-सी, एक साधा यूएसबी, बस्स. बाबा म्हणाले, "तुझ्यावरूनच पाठवू आता. एक कन्व्हर्टर आण, झालं."

"कन्व्हर्टर आण, झालं" हे मग मला शेजारच्या गाळ्यातल्यांनी सांगितलं, कॉम्प्युटरवाल्यानं सांगितलं, इंजिनिअरिंगच्या वर्गमित्रांनीही सांगितलं. सगळ्यांच्या डोक्यात पोर्ट म्हणजे एक आकार असतो. इकडे चपटं तोंड, तिकडे नऊ पिना, मधे वायर. प्रत्यक्षात त्या वायरीच्या दोन टोकांना दोन वेगळ्या काळातली माणसं बसलेली आहेत.

आरएस-२३२ हे १९६० सालचं मानक. त्यात उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे एक, आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे शून्य. मधलं सगळं अर्थहीन. ज्याला बोलायचंय तो थेट बोलायला लागतो, कुणाची परवानगी घेत नाही. वेग किती, बिट किती, पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) कुठली हे दोन्ही बाजूंनी आधीच ठरवून ठेवायचं. यूएसबीवर उलट कारभार. तिथे कॉम्प्युटरनं विचारल्याशिवाय समोरचा एक अक्षर पाठवू शकत नाही, आणि जे जातं ते गठ्ठ्यानं जातं. म्हणून कन्व्हर्टरच्या प्लास्टिकच्या आत एक चिप असते. ती इकडचे गठ्ठे फोडून तिकडे एकेक अक्षर सोडते आणि तिकडची अक्षरं साठवून इकडे गठ्ठा बांधते. हे साठवणंच पुढे आमच्या मुळावर आलं. पण तिथे पोचेपर्यंत आणखी बऱ्याच गोष्टी वाटेत होत्या.

सुरुवात ऑनलाइन मागवलेल्या निळ्या पारदर्शक वायरच्या कन्व्हर्टरनं झाली. तीनशे रुपयांच्या आतला. लावला, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण. त्यापुढे मजकूर असा, की या चिपची ही पिढी २०१२ पासून बंद झाली आहे, पुरवठादाराशी संपर्क साधा. म्हणजे वस्तू कोरी, पॅकिंग कोरं, आणि आतली चिप एक तर जुना साठा किंवा जुन्याची नक्कल. चिपवाल्यानं नकलांना कंटाळून नव्या ड्रायव्हरमध्ये जुनी पिढीच नाकारली आहे, आणि विंडोज अपडेट तो नवा ड्रायव्हर आपणहून आणून बसवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन यादीतला जुना ड्रायव्हर हातानं निवडला की कन्व्हर्टर चालू होतो. पुढच्या अपडेटपर्यंत. कारखान्यात रात्रपाळीला असलं काही चालत नाही, पण तपासणीपुरता मी तो चालू केला.

कन्व्हर्टर मशीनला लावण्याआधी तो स्वतः बरा आहे का हे टेबलावरच बघता येतं. नऊ पिनांतली २ नंबर म्हणजे ऐकणारी, ३ नंबर बोलणारी, ५ नंबर ग्राउंड. स्टेपलरची पिन वाकवून २ आणि ३ एकत्र जोडायच्या, टेरा टर्म किंवा पुटी असं सिरियल पोर्टवर बोलणारं सॉफ्टवेअर उघडून कॉम पोर्ट निवडायचा आणि टाइप करायचं. टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर उमटलं तर ते बाहेर जाऊन परत आलंय. मग ती पिन काढून पुन्हा टाइप करायचं. आता काही उमटता कामा नये. ही दुसरी पायरी बरेच जण गाळतात. सॉफ्टवेअरचा लोकल एको (टाइप केलेलं आपणहूनच स्क्रीनवर दाखवणं) चालू असेल तर कन्व्हर्टर मेलेला असला तरी अक्षरं छान दिसत राहतात.

दुसरी तपासणी मीटरची. काळी प्रोब ५ वर, लाल ३ वर. काहीच पाठवत नसताना इथे उणे व्होल्टेज दिसायला हवं. जुन्या लॅपटॉपवर उणे अकराच्या आसपास यायचं असं बाबांच्या वहीत लिहिलेलं होतं (बाबांच्या वहीत सगळं असतं, फक्त ती वही सापडावी लागते). या कन्व्हर्टरवर उणे पाच आणि थोडं. मानकाप्रमाणे पाठवणाऱ्यानं किमान पाच द्यायला हवेत आणि ऐकणाऱ्याला तीन पुरतात, तेव्हा काठावर का होईना, पास. काही फारच स्वस्त कन्व्हर्टरमध्ये व्होल्टेज वाढवणारी चिपच घातलेली नसते. तिथे शून्य ते पाच एवढंच मिळतं, उणे काही येतच नाही. मग एखादं उपकरण ते चालवून घेतं, एखादं नाही, आणि माणूस सेटिंग बदलत बसतो.

आता केबल. जुन्या केबलचं डाग दिलेलं टोक हूडच्या (कनेक्टरच्या टोपणाच्या) आत तुटलेलं होतं, म्हणून नवीन करायची ठरली. बाजारात नऊ-ते-पंचवीस तयार केबल मिळते, पण ती मोडेमसाठी केलेली असते. सीएनसी मशीन मात्र स्वतःला कॉम्प्युटरच समजतं, म्हणजे दोघंही एकाच पिनेवर बोलणार आणि एकाच पिनेवर ऐकणार. अशा वेळी वायरी उलटसुलट कराव्या लागतात हे सगळ्यांना माहीत असतं. गंमत अशी, की पंचवीस पिनांत २ नंबर बोलणारी आणि ३ नंबर ऐकणारी आहे, तर १९८४ च्या आयबीएम पीसी एटीबरोबर जो नऊ पिनांचा पोर्ट आला त्यात नेमकं उलटं. त्यामुळे नऊवरून पंचवीसवर जाताना उलटसुलट करायची केबल प्रत्यक्षात सरळ दिसते. २ ला २, ३ ला ३, आणि ५ ला ७. कुणी शहाणपणा करून २-३ फिरवले की दोघं एकमेकांच्या तोंडावर तोंड ठेवून बोलत राहतात.

एवढ्या तीन वायरींवर मशीन ऐकत नाही. त्याला समोरचं उपकरण हजर असल्याचा संकेत लागतो, नाहीतर अलार्म ०८६ येतो, म्हणजे समोरचा तयार नाही. समोर आता तसा संकेत देणारं कुणी नाही, म्हणून मशीनच्याच टोकाला त्याची समजूत काढायची. पंचवीस पिनांच्या कनेक्टरमध्ये ४ आणि ५ एकमेकींना, तसंच ६, ८ आणि २० एकमेकींना छोट्या तारेनं जोडायच्या.

मी हे डाग देत असताना आमचे ऑपरेटर मागे येऊन उभे राहिले. शॉपमध्ये सगळे त्यांना मामा म्हणतात, बाबासुद्धा.

"ताई, पंचवीस नंबरला काही जोडू नका."

"नाही जोडत मामा. का पण?"

"तिथं चोवीस व्होल्ट हाय. आधीच्या कंपनीत एकानं सगळ्या पिना जोडलेली केबल लावली होती. कार्डच गेलं."

मामांचं बरोबर होतं. फानुकच्या या सॉकेटात २५ नंबरला जोडउपकरण चालवण्यासाठी २४ व्होल्ट काढलेले असतात. आरएस-२३२ च्या मूळ मानकात अशी काही सोय नाही, त्यामुळे पुस्तकातली आकृती बघून काम करणाऱ्याला ते कळत नाही. सगळ्या पिना सरळ जोडलेली पंचवीस-ते-पंचवीस केबल या सॉकेटात कधीच घालू नये. आम्ही शिल्डची तीन कोअर वायर वापरली, शिल्ड फक्त मशीनच्या बाजूच्या हूडला टेकवली. लांबी पाच मीटरही नाही. जुन्या हिशोबानं पंधरा मीटरपर्यंत चालतं, पण कटरच्या मोटरच्या केबलला चिकटून नेली तर पाच मीटरही जास्त होतात.

मशीनच्या बाजूची सेटिंग बाबांच्या वहीत सापडली. पॅरामीटर २० मध्ये चॅनेल शून्य, १०१ मध्ये दोन स्टॉप बिटचा बिट चालू, १०२ मध्ये शून्य, १०३ मध्ये वेगाचा आकडा, १० म्हणजे ४८००, ११ म्हणजे ९६००. लॅपटॉपवर सात बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट आणि फ्लो कंट्रोल (थांब-पाठवचा इशारा) एक्सऑन-एक्सऑफ. नव्या मुलांना आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट हे पाठ असतं, कारण राउटरपासून आर्डुइनोपर्यंत सगळं त्यावर चालतं. ते इथे ठेवलं तर अलार्म ०८५ येतो किंवा स्क्रीनवर कचरा येतो.

मग मशीनवर एडिट मोड, रीड, एक्झेक ही बटणं. आधी मशीनला ऐकायला बसवायचं आणि नंतर लॅपटॉपवरून पाठवायचं, हा क्रम मोडायचा नाही. स्क्रीनच्या खाली उजवीकडे एलएसके ही अक्षरं लुकलुकायला लागली, म्हणजे मशीन पहिल्या अर्थपूर्ण अक्षराची वाट बघतंय. फाइल पाठवली. टक्क्याचं चिन्ह, मग ओ नंबर (प्रोग्रॅमचा क्रमांक), मग ड्रिलिंगच्या ओळी सरसर आल्या आणि शेवटचं टक्क्याचं चिन्ह आल्यावर लुकलुक थांबली. मामा म्हणाले, "झालं की ओ." बाबांनी चहा सांगितला.

तो चहा लवकर झाला असं आता वाटतं.

कारण ड्रिलिंगचा प्रोग्रॅम म्हणजे जेमतेम दीडशे ओळी. आमचं पोट मोल्डवर भरतं, आणि मोल्डचे प्रोग्रॅम लाखो अक्षरांचे असतात. मशीनची मेमरी आहे ८० मीटर. हो, मीटर. फानुकच्या कॅटलॉगमध्ये मेमरी कागदी पट्टीच्या लांबीत मोजलेली असते, कारण या मशीनांच्या आधीच्या पिढ्यांना प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या पट्टीवरून मिळायचा. एका इंचात दहा अक्षरं, म्हणजे एका मीटरमध्ये साधारण ३९४. ऐंशी मीटरमध्ये साडेएकतीस हजार अक्षरं. माझ्या फोनमधला एखादा पुसट फोटोसुद्धा यात मावणार नाही. अजूनही मशीनच्या स्क्रीनवर प्रोग्रॅम बाहेर काढायच्या बटणाचं नाव पंच आहे.

म्हणून मोठा प्रोग्रॅम साठवायचा नाही, कापता कापता पाजत राहायचं. याला आमच्याकडे डीएनसी म्हणतात, कुणी ड्रिप फीड म्हणतं. मशीन थोडं घेतं, पोट भरलं की "थांब" म्हणतं, रिकामं झालं की "पाठव" म्हणतं. थांब म्हणजे एक्सऑफ आणि पाठव म्हणजे एक्सऑन. ही दोन्ही साधी एकेक अक्षरंच आहेत, त्याच केबलमधल्या दुसऱ्या वायरवरून उलट दिशेनं येणारी.

पहिला मोठा मोल्ड लावला. काही वेळ व्यवस्थित चाललं आणि कॅव्हिटीच्या (मोल्डच्या पोकळीच्या) मध्यावर अलार्म ०८७. बफर ओव्हरफ्लो, म्हणजे आलेली अक्षरं तात्पुरती साठवायची जागा भरून वाहिली. सरक थांबली, कटर जागच्या जागी फिरत राहिला आणि पृष्ठभागावर गोल डाग पडला. फिनिशिंगला अजून स्टॉक (कापायचा जादा धातू) होता म्हणून जॉब वाचला.

०८७ चा अर्थ मशीनच्या पुस्तकात नेमका दिलाय. मशीननं थांब म्हटल्यावर समोरच्यानं दहा अक्षरांच्या आत थांबलं नाही, तर हा अलार्म. दहा अक्षरांचा हिशोब मी वहीच्या मागच्या पानावर मांडला. एका अक्षराला एक स्टार्ट बिट, सात बिट, एक पॅरिटी, दोन स्टॉप, मिळून अकरा. ९६०० च्या वेगाला सेकंदाला ८७२ अक्षरं. म्हणजे दहा अक्षरं जायला साडेअकरा मिलिसेकंद. एवढ्या वेळात मशीनचं थांब कन्व्हर्टरमध्ये शिरायचं, यूएसबीवरून लॅपटॉपपर्यंत जायचं, विंडोजनं ते ड्रायव्हरला द्यायचं, ड्रायव्हरनं पाठवणं बंद करायचं. यूएसबीच्या गठ्ठेबाज कारभारात एकटं आलेलं अक्षर कधीकधी पंधरा-सोळा मिलिसेकंद नुसतं वाट बघत बसतं, गठ्ठा भरेल या आशेनं. आणि लॅपटॉपनं पाठवणं बंद केलं तरी कन्व्हर्टरच्या पोटात आधीच पाठवून ठेवलेली शंभर-दोनशे अक्षरं असतात. नळ बंद केला तरी पाइपातलं पाणी पडतच राहावं तसं ती सगळी मशीनकडे जातात.

म्हणूनच वेग कमी करून हा प्रश्न सुटत नाही. बाबांनी ४८०० वर आणून बघायला सांगितलं. अलार्म उशिरा आला, पण आला. थांबायला तेवीस मिलिसेकंद मिळाले तरी पाइपातलं पाणी तेवढंच. छोट्या प्रोग्रॅमच्या वेळी काही झालं नव्हतं, कारण मशीनला थांब म्हणायची वेळच आली नव्हती. कन्व्हर्टरची परीक्षा पोट भरलेल्या मशीनवरच होते. विक्रेत्यानं दुकानात दाखवलेली लूपबॅकची चाचणी या बाबतीत काहीच सांगत नाही.

उपाय असा की थांब हे अक्षर लॅपटॉपपर्यंत जाऊच द्यायचं नाही. कन्व्हर्टरच्या चिपनं ते स्वतः ओळखून तिथल्या तिथे तोंड मिटायचं. असं करणाऱ्या चिप आहेत. त्यातलं नाव मशीनवाल्यांत चालतं ते एफटीडीआयचं, ही स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची कंपनी. तिच्या एफटी-२३२-आर या चिपमध्ये एक्सऑन-एक्सऑफ चिपच्या आतच सांभाळलं जातं. सॉफ्टवेअरमध्ये ते फ्लो कंट्रोल निवडलेलं असलं पाहिजे, एवढंच.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. नाशिक फाट्याला मेट्रो पकडून मंडईला उतरले आणि चालत तपकीर गल्लीत गेले. ऑनलाइन मागवण्याची हौस एव्हाना फिटली होती. तपकीर गल्लीत गेलं की निदान वस्तू हातात घेऊन बघता येते, आणि लॅपटॉप पाठीवर असेल तर लावूनही.

पहिल्या दुकानात विचारलं, "यात चिप कोणती आहे?"

"मॅडम, सगळ्या लॅपटॉपला चालतं."

"चिप कोणती?"

"विंडोज अकरालापण चालतं."

पुढच्या दुकानात तेच, फक्त तिथे वस्तू पन्नास रुपयांनी महाग होती. मग एका जिन्याखालच्या दुकानात एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी माझ्या प्रश्नाला उत्तर न देता उलट विचारलं, "सीएनसीला लावणार का पीएलसीला?" मी म्हटलं सीएनसीला, ड्रिप फीड करायचंय. त्यांनी काउंटरवरचे निळे कन्व्हर्टर हातानं बाजूला सारले आणि आतून वेगळा आणला. पहिल्याच्या चौपट किंमत. "हा घ्या. आणि अस्सल आहे का ते आता इथेच बघा, नंतर भांडायला येऊ नका."

अस्सल-नकलीचा हा किस्सा माहीत असायला हवा. एफटीडीआयच्या चिपच्या इतक्या नकला बाजारात आल्या की २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीनं विंडोज अपडेटमधून असा ड्रायव्हर सोडला, जो नकली चिप ओळखून तिच्या आतला ओळख क्रमांक शून्य करून टाकायचा. मग ती वस्तू कुठल्याच कॉम्प्युटरला ओळखू येईना. जगभर आरडाओरडा झाला आणि तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. २०१६ मध्ये दुसरी युक्ती आली. नकली चिप असेल तर डेटाच्या जागी "अस्सल नसलेलं उपकरण सापडलं" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य लाइनवर सोडायचं. कंपनीचा राग मला कळतो. पण ते वाक्य एखाद्या चालत्या मशीनच्या तोंडात गेलं तर काय होईल, याचा विचार त्या ऑफिसात कुणी केला होता का, कोण जाणे. शिक्षा नकलाकाराला व्हायला हवी होती, ती माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला झाली असती.

दुकानातच लॅपटॉप उघडला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघितला, व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) ०४०३ आणि पीआयडी (वस्तूचा क्रमांक) ६००१. नकलाही हाच आकडा दाखवतात, त्यामुळे एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. नवा ड्रायव्हर घालून, २ आणि ३ जोडून, एक मोठी मजकुराची फाइल पाठवली आणि परत आलेली फाइल मूळ फाइलशी जुळवून पाहिली. कुठलं आगंतुक वाक्य आलं नाही. त्यांच्याकडूनच पंचवीस पिनांचे दोन कनेक्टर, धातूचे हूड आणि नऊ पिनांचा लांब स्क्रूचा कनेक्टर घेतला. प्लास्टिकचे हूड स्वस्त पडतात, पण शॉपमध्ये कूलंटच्या वाफेत आणि धक्क्यांत ते वर्षभर टिकत नाहीत.

लॅपटॉपवरची उरलेली कामं किरकोळ, पण न केलेली महागात पडतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये या पोर्टच्या ॲडव्हान्स्ड पानावर लेटन्सी टायमर (गठ्ठा पाठवण्याआधी किती वाट बघायची ते) असतो. तो १६ मिलिसेकंदावर येतो, तो १ वर आणला. त्याच पानावर पोर्टचा नंबर बदलता येतो. आमचं जुनं पाठवायचं सॉफ्टवेअर कॉम १ ते ४ पलीकडे बघतच नाही, आणि विंडोजनं दिला होता ११. कन्व्हर्टरला स्वतःचा सिरियल नंबर नसेल तर यूएसबीचं भोक बदललं की विंडोज त्याला नवीन पाहुणा समजून नवीन नंबर देतं. जुने नंबर अडकून पडतात, ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपवलेली उपकरणं दाखवून काढून टाकता येतात. आणि वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सोय बंद केली. चार तासांच्या कटिंगमध्ये मशीनचं पोट भरलेलं असताना लाइन काही सेकंद शांत असते, तेवढ्यात पोर्ट झोपला तर संपलं.

आमच्याकडे डॉसमधलं एक त्याहूनही जुनं सॉफ्टवेअर होतं, बाबांचं लाडकं. ते थेट हार्डवेअरच्या पत्त्यावर लिहितं, मधे विंडोजला जुमानत नाही, त्यामुळे यूएसबीचा पोर्ट त्याला दिसतच नाही. डॉसबॉक्समध्ये (विंडोजवर डॉस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) खरा कॉम पोर्ट जोडून देता येतो आणि मी तसं करूनही दाखवलं. पण ड्रिप फीडसाठी मधे आणखी एक थर नको म्हणून ते फक्त जुन्या फाइली उघडायला ठेवलंय.

आता एक गोष्ट, जी कुठल्याच दुकानदारानं सांगितली नाही आणि जिच्यामुळे सगळ्यात जास्त पोर्ट जळतात. अर्थिंग. नव्या लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा असेल, किंवा तीन पिनांचा असून दोन पिनांच्या बोर्डात खुपसलेला असेल, तर लॅपटॉपचा धातूचा भाग हवेत तरंगत असतो. चार्जरमधल्या फिल्टर कपॅसिटरमुळे त्यावर मेनच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज येतं. हाताच्या मागच्या बाजूनं पत्र्यावरून बोट फिरवलं की झिणझिण्या येतात ते याच्यामुळे. मशीनचं शरीर मात्र पक्कं जमिनीला जोडलेलं. मी कन्व्हर्टरच्या धातूच्या कडेपासून मशीनच्या पत्र्यापर्यंत मीटर एसीवर लावला, शंभर व्होल्टच्या जवळपास दिसलं. करंट नगण्य असतो, माणसाला काही होत नाही. पण केबल खुपसताना ग्राउंडच्या आधी सिग्नलची पिन टेकली तर तो झटका थेट चिपमधून जातो.

म्हणून आमच्याकडे आता नियम आहे. केबल लावताना आणि काढताना मशीन बंद, चार्जर काढलेला. लांब कटिंगसाठी लॅपटॉपला तीन पिनांचा, खऱ्या अर्थिंगचा बोर्ड, आणि तो मशीनच्याच पॅनेलमधून घेतलेला. दोन वेगळ्या खांबांवरच्या अर्थिंगमध्येही फरक असू शकतो. पैसे असतील तर ऑप्टो-आयसोलेशनचा कन्व्हर्टर घ्यावा, त्यात दोन बाजूंमध्ये विजेचा संबंधच राहत नाही. शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग चालतं म्हणून मी तसा दुसरा मागवला. तो आता मशीनवर असतो आणि तपकीर गल्लीतला राखीव.

लॅपटॉपऐवजी दुसरं काही नाही का, असं शेजारच्यांनी विचारलं. आहे. कुठल्याही साध्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर आजही बऱ्याचदा दहा पिनांचा कॉम हेडर असतो, नुसतं पत्र्याचं तोंड बाहेर काढलेलं नसतं. नाहीतर पीसीआय एक्सप्रेसचं सिरियल कार्ड मिळतं. तो खरा पोर्ट, मधे यूएसबी नाही. तरीही निर्धास्त राहायचं नाही. त्यातल्या १६५५० जातीच्या चिपमध्ये सोळा अक्षरांचा बफर असतो, म्हणजे दहापेक्षा जास्तच. पोर्टच्या सेटिंगमध्ये फिफो बफरचा जो सरकता खटका असतो, तो पाठवण्याच्या बाजूला खाली आणावा लागतो. वायफायवरून सिरियल देणारी खोकीही मिळतात. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चालू वेल्डिंगमध्ये, मला ती नको होती. ज्यांच्याकडे चार-पाच मशीनं आहेत त्यांनी जरूर विचार करावा. एका मशीनसाठी चांगल्या चिपचा कन्व्हर्टर आणि हातानं केलेली केबल, यापलीकडे जायची गरज मला दिसत नाही. पोर्टवाला जुना लॅपटॉप जुन्या बाजारातून घ्यायचा सल्ला मात्र मी कुणाला देणार नाही. त्याची बॅटरी, हार्डडिस्क, मदरबोर्ड यातलं काहीतरी पुढच्या पावसाळ्यात जाणारच.

नव्या कन्व्हर्टरवर पहिला मोल्ड लावला तेव्हा मामांनी कटिंगच्या मध्यावर मुद्दाम फीड ओव्हरराइड (कटर सरकायचा वेग कमी-जास्त करायचा खटका) शून्यावर आणला. मशीननं घेणं थांबवलं, कन्व्हर्टरवरचा दिवा विझला. त्यांनी मिनिटभर तसंच ठेवलं आणि पुन्हा शंभरावर नेलं. दिवा लागला, कटर पुढे सरकला. "आता शिफ्ट सोडून जेवायला जायला हरकत नाही," मामा म्हणाले, आणि गेलेही.

लाइन चालू झाल्यावर मी मोल्डच्याही आधी दुसरं एक काम केलं होतं. पंचचं बटण दाबून मशीनचे सगळे पॅरामीटर, टूल ऑफसेट आणि मॅक्रो लॅपटॉपवर उतरवून घेतले. हे सगळं कंट्रोलच्या आत एका छोट्या बॅटरीवर जिवंत असतं. ती बॅटरी मशीन चालू ठेवूनच बदलायची असते, आणि बंद मशीनवर ती संपली तर आतलं सगळं पुसलं जातं. वहीत लिहिलेले पॅरामीटर हातानं भरायला बसलं तर दिवस जातात, आणि आमच्या वहीचं एक पान तसंही कूलंटनं चिकटलेलं आहे. फाइल आता लॅपटॉपवर आहे, पेन ड्राइव्हवर आहे, आणि बाबांच्या आग्रहाखातर कागदावर छापून त्या वहीतही लावलेली आहे.